बुडबुडा, डुक्कर आणि साहेबाचं नाव

मित्रांनो, खरं सांगायचं तर हा लेख मी एका बुडबुड्यामुळे लिहितोय.

सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला एन्व्हायर्नमेंटल इंजिनीअरिंगचं प्रॅक्टिकल असतं. त्यात पाण्यातले कोलिफॉर्म जंतू मोजायची एक टेस्ट आहे. टेस्ट ट्यूबमध्ये लॅक्टोज साखर घातलेलं ब्रॉथ, त्यात एक बारकी नळी उलटी घातलेली. वरून पाण्याचा नमुना टाकायचा आणि ट्यूब इनक्युबेटरमध्ये ठेवून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी त्या उलट्या नळीत गॅसचा बुडबुडा अडकलेला दिसला, तर पाण्यात सांडपाणी मिसळल्याचा संशय घ्यायचा. बास, एवढंच. जर्नलमध्ये दीड पान.

ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, की साखर आणि बुडबुडा वापरून जंतू ओळखायची ही कल्पना पाण्यासाठी पहिल्यांदा वापरली कोणी? मी छताकडे बघितलं, मग इंटर्नल सरांकडे बघितलं. तेही छताकडेच बघत होते! शेवटी एक्स्टर्नल सरांनीच नाव सांगितलं: थिओबाल्ड स्मिथ. आणि वर असंही सांगितलं, की हा माणूस पाण्याकडे डुकरांच्या वाटेने आला.

डुकरांच्या वाटेने? हे काही डोक्यातून जाईना. म्हणून सुट्टीत लायब्ररीतून जे मिळालं ते वाचलं आणि उरलेलं गावी मामाला विचारलं. मामा गुरांचा डॉक्टर आहे. स्मिथचं नाव काढल्यावर मामा अर्धा तास बोलत होता, आणि मामा एरवी पाच मिनिटंही बोलत नाही. त्यातून जो माणूस मला दिसला, तो तुमच्यासमोर मांडतोय.

थिओबाल्ड स्मिथचा जन्म ३१ जुलै १८५९ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनी गावी. आईवडील जर्मनीतून आलेले. घरचं आडनाव श्मिट, अमेरिकेत त्याचं स्मिथ झालं. वडील शिंपीकाम करायचे. घरात जर्मन बोललं जायचं, आणि हीच गोष्ट पुढे त्याच्या फार कामाला आली. पोरगा हुशार, गणितात पक्का आणि पियानोत रमणारा. स्कॉलरशिपवर कॉर्नेल विद्यापीठात गेला. तिथल्या प्रार्थनागृहात ऑर्गन वाजवून खर्चाला हातभार लावायचा. १८८१ ला कॉर्नेलची पदवी आणि १८८३ ला ऑल्बनीच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टरी. पण दवाखाना काही त्याने थाटला नाही. त्याला शोध घ्यायचा होता.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. जर्मनीत रॉबर्ट कॉखने १८७६ साली दाखवून दिलं होतं, की जनावरांचा काळपुळी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, एका ठराविक जंतूमुळे होतो. १८८२ ला त्याने क्षयाचा जंतू शोधला. युरोपात रोज नवा जंतू सापडत होता. अमेरिकेत मात्र हे शास्त्र शिकवणारं जवळजवळ कोणीच नव्हतं. स्मिथला गुरू नव्हता, पण जर्मन येत होतं! कॉखचे लेख मुळातून वाचून, त्यातली कृती बघून, तो जंतू वाढवायला स्वतःच शिकला. आपल्याकडे मॅन्युअल वाचून मशीन चालवणारे असतात ना, तसं.

१८८४ साली अमेरिकन सरकारने शेतीखात्यात जनावरांच्या रोगांसाठी एक नवं खातं उघडलं, ब्युरो ऑफ ॲनिमल इंडस्ट्री. त्याचा प्रमुख होता डॅनियल एल्मर साल्मन. हाही कॉर्नेलचाच. अमेरिकेत पशुवैद्यकातली डॉक्टरेट पहिल्यांदा मिळवणारा माणूस. साल्मनला प्रयोगशाळा चालवायला हाताखाली एक माणूस हवा होता. तिथे पंचविशीतला स्मिथ रुजू झाला. वॉशिंग्टन शहर, साधनं बेताची, आणि समोर पहिला मोठा प्रश्न आला तो डुकरांचा.

अमेरिकेत तेव्हा हॉग कॉलरा नावाचा रोग धुमाकूळ घालत होता. डुकराला ताप यायचा, हगवण लागायची, ते खाणं सोडायचं आणि काही दिवसांत मरायचं. एकाला झाला की कळपच्या कळप जायचा. तिथल्या शेतकऱ्यांचं सगळं गणित मका आणि डुकरं यांच्यावर होतं. डुकरं गेली की वर्ष गेलं.

स्मिथने मेलेली डुकरं उघडायला घेतली. आतड्यांत गोल गोल व्रण, प्लीहा सुजलेली. त्या अवयवांचा कण घ्यायचा आणि वाढमाध्यमावर पसरायचा. आता इथे खरी मेख आहे. मेलेल्या जनावराच्या आतड्यात जंतूंचा नुसता बाजार भरलेला असतो. त्यातला नेमका आपला कोणता? नवीन प्रजाती सापडली असं म्हणायला नुसता जंतू दिसून चालत नाही. आधी तो एकटा वेगळा काढावा लागतो. त्यासाठी कॉखची युक्ती अशी, की जंतू जिलेटिनसारख्या घट्ट माध्यमावर विरळ पसरायचे, म्हणजे प्रत्येक जंतूपासून वेगळा ठिपका वाढतो. एक ठिपका उचलायचा, परत पसरवायचा, परत उचलायचा. मग त्याची सगळी कुंडली मांडायची. आकार कसा, हलतो की नाही, कशावर वाढतो, किती उष्णतेला मरतो, कोणत्या जनावराला मारतो आणि कोणत्याला नाही. आणि शेवटी, आजवर माहीत असलेल्या एकेका जंतूशी ही कुंडली ताडून बघायची. कोणाशीच जुळली नाही, तर आणि तरच म्हणायचं, की हा नवा.

स्मिथला १८८५ साली असा एक जंतू मिळाला. काडीसारखा, वळवळणारा, डुकराच्या प्लीहेतून शुद्ध स्वरूपात निघणारा. उंदीर आणि ससे त्याने मरत. डुकरांना दिला तर डुकरंही आजारी पडत. माहीत असलेल्या कोणाशीच त्याची कुंडली जुळेना. त्याचं नाव पडलं हॉग कॉलरा बॅसिलस.

पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, या जंतूवर एक छोटासा पण फार मोठा प्रयोग झाला. स्मिथने जंतूंचं ब्रॉथ तापवून सगळे जंतू मारून टाकले आणि ते मेलेले जंतू कबुतरांना टोचले. काही दिवसांनी त्याच कबुतरांना जिवंत जंतूंचा जीवघेणा डोस दिला. आधी टोचलेली कबुतरं तगली, न टोचलेली मेली. तोपर्यंत पाश्चरच्या लसी म्हणजे कमजोर केलेले पण जिवंत जंतू. मेलेला जंतूसुद्धा शरीराला शहाणं करू शकतो, हे या कबुतरांनी दाखवलं. बरोबर अकरा वर्षांनी, जानेवारी १८९७ मध्ये, आपल्या मुंबईत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिनने प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. तीही उष्णतेने मारलेल्या जंतूंचीच होती. तत्त्व तेच.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात स्मिथचं नाव कुठे? तीच तर गंमत आहे. सरकारी खात्याचा रिवाज असा, की अहवाल प्रमुखाच्या नावाने निघायचा. कबुतरांच्या निबंधावर नावं होती साल्मन आणि स्मिथ, याच क्रमाने. पुढे १९०० साली लिनिएर नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने या जंतूच्या सगळ्या भाऊबंदांना मिळून एक घराण्याचं नाव दिलं. ते नाव आज शेंबड्या पोरालाही माहीत आहे. साल्मोनेला! अंडी, चिकन, अन्नातून विषबाधा, टायफॉइड, सगळीकडे साल्मोनेला. मी तर परवापर्यंत समजत होतो, की हा जंतू साल्मन माशात सापडला असणार. माशाचा काही संबंध नाही. ते साहेबाचं नाव आहे.

हे वाचलं तेव्हा माझं रक्त उकळलं, कारण जखम ताजी होती. मागच्या वर्षी एका टेक्निकल फेस्टमध्ये आम्ही पाणी गाळायचं मॉडेल केलं होतं. वाळू चाळली आम्ही, पाइप कापले आम्ही, तीन रात्री जागलो आम्ही, आणि सर्टिफिकेटवर नाव आलं एका सीनियरचं, ज्याने फक्त रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरला होता. त्यामुळे स्मिथची बाजू घेऊन मी मामापुढे साल्मनला चांगल्या चार शिव्या हासडल्या.

मामाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, की साल्मनही काही ऐतखाऊ नव्हता. त्याने ते खातं शून्यातून उभं केलं. गुरांच्या फुप्फुसाचा एक भयंकर सांसर्गिक रोग त्याच्या कारकिर्दीत, १८९२ पर्यंत, अमेरिकेतून मुळासकट घालवला. डुकरं, जागा, पैसा, माणसं, सगळं त्याने मिळवून दिलं म्हणून स्मिथ ट्यूबवर बसू शकला. आणि मग मामा म्हणाला, नावाचं सोड, तू पुढे वाच. खरी गोष्ट पुढेच आहे.

मग पुढे वाचलं. स्मिथचं दुखणं असं, की हॉग कॉलरा बॅसिलस, माणसाच्या आतड्यातला नेहमीचा कोलाय जंतू आणि टायफॉइडचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सख्खे भाऊ वाटतात. सगळे काडीसारखे आणि सगळे वळवळणारे. मग वेगळे ओळखायचे कसे? स्मिथने डोळ्यांचा नाद सोडला आणि जंतूला साखर खायला घातली. एका बाजूने बंद अशी वाकडी काचेची नळी, तिच्यात साखरेचं ब्रॉथ. जंतूने साखर आंबवून गॅस केला की तो बंद टोकाला साठतो आणि मोजताही येतो. कोलाय लॅक्टोजमधूनही गॅस काढतो. डुकराचा जंतू ग्लुकोजमधून काढतो, लॅक्टोजला तोंडही लावत नाही. टायफॉइडचा जंतू गॅसच काढत नाही. झालं! तीन भाऊ, तीन सवयी.

त्यातही या माणसाचा चिकटपणा बघा. ब्रॉथ मांसापासून करायचे, आणि मांसात मुळातच थोडी साखर असते. म्हणजे आपण साखर न घालताही गॅस दिसू शकतो आणि रीडिंग फसतं. मग स्मिथने काय करावं? आधी त्या ब्रॉथमध्ये कोलाय वाढवून मांसातली साखर त्यालाच खाऊ घातली, कोलाय मारले, आणि मग हव्या त्या साखरेने टेस्ट केली. याला म्हणतात एरर काढणं.

हीच वाकडी नळी त्याने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन आणि मोहॉक नद्यांच्या पाण्यासाठी वापरली. पाण्यात टायफॉइडचा जंतू शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. त्याऐवजी माणसाच्या आतड्यातला कोलाय मोजा, तो असेल तर मैला मिसळतोय हे नक्की. हडसन म्हणजे त्याच्या ऑल्बनीचीच नदी. पुढे १८९८ साली डरहॅमने वाकड्या नळीच्या जागी उलटी बारीक नळी आणली, आणि ती तुमच्या-आमच्या लॅबपर्यंत पोचली. सिव्हिलवाल्यांनो, डुकरापासून नळापर्यंतचा रस्ता हा असा आहे.

मधल्या काळात स्मिथच्या हातून आणखी एक जबरदस्त काम झालं. ते जंतूचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडची धडधाकट गुरं उत्तरेत नेली, की उत्तरेकडची गुरं महिन्याभराने पटापट मरायची. लाल लघवी, ताप आणि मरण. गंमत म्हणजे दक्षिणेकडच्या गुरांना काहीच होत नसे. शेतकरी म्हणायचे, की हे गोचिडांमुळे होतंय. शिकलेली माणसं हसायची. स्मिथ हसला नाही. सहकारी किलबोर्नला घेऊन १८८९ पासून त्याने कुरणांना कुंपणं घातली. एका कुरणात गोचिडांसकट दक्षिणेची गुरं. दुसऱ्यात त्याच गुरांच्या अंगावरची एकेक गोचीड हाताने वेचून काढलेली. तिसऱ्यात गुरं नाहीतच, नुसत्या गोचिडी. आजार आला तो जिथे गोचीड होती तिथेच. रक्ताच्या तांबड्या पेशीत त्याला एक परोपजीवी दिसला, त्याला आज बबेसिया म्हणतात. आणि महिनाभर उशीर का? कारण रक्त प्यायलेली गोचीड खाली पडते, अंडी घालते, आणि रोग पोचवते ती तिची पिल्लं! १८९३ मध्ये हे छापून आलं. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरिया दिसला तो १८९७ ला, म्हणजे चार वर्षांनी. मामा म्हणतो, आजही जर्सी किंवा होल्स्टीन गाय तापाने फणफणली आणि लाल मुतायला लागली, की तो आधी तिच्या कानामागे गोचीड बघतो.

१८९५ ला स्मिथने वॉशिंग्टन सोडलं आणि तो बोस्टनला गेला. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य मंडळाची प्रयोगशाळा आणि हार्वर्डमध्ये प्राध्यापकी, असं दुहेरी काम. तिथे १८९८ मध्ये त्याने दुसरा मोठा ओळखपरेडीचा प्रयोग पूर्ण केला. गाईचा क्षय आणि माणसाचा क्षय एकाच जंतूने होतो, असं कॉखपासून सगळे मानत. स्मिथने दोन्हीकडचे जंतू शेजारी शेजारी वाढवले आणि दाखवलं, की ते दोन वेगळे प्रकार आहेत. गाईचा जंतू माध्यमावर सावकाश वाढतो, पण सशाला झटपट मारतो. माणसाचा जंतू सशाला तितका छळत नाही. १९०१ मध्ये कॉखने लंडनच्या परिषदेत दोन्ही वेगळे असल्याचं मान्य केलं, पण तो दुसऱ्या टोकाला गेला. गाईच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही, असं त्याने सांगून टाकलं. ते चूक ठरलं. गाईचं कच्चं दूध पिणाऱ्या पोरांना तो जंतू क्षय देतोच. म्हणून तर दूध तापवायचं. वेगळा आहे म्हणजे निरुपद्रवी आहे असं नव्हे, एवढा साधा फरक कॉखसारख्याच्याही हातून निसटला.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मामाने मला पुढे वाच म्हटलं होतं.

१९०३ साली त्याच खात्यातल्या दे श्वाइनिट्झ आणि डॉर्सेट या दोघांनी आजारी डुकराचं रक्त घेतलं आणि ते अशा गाळणीतून गाळलं, जिच्यातून एकही जंतू पार होऊ शकत नाही. ते गाळलेलं, जंतू नसलेलं द्रव निरोगी डुकरांना टोचलं. डुकरांना हॉग कॉलरा झाला!

समजलं का काय झालं ते? हॉग कॉलरा हा हॉग कॉलरा बॅसिलसमुळे होतच नव्हता. त्याचं कारण होतं गाळणीतून पार होणारा विषाणू, व्हायरस. स्मिथचा जंतू खरा होता, नवा होता, डुकराला आजारी पाडत होता, मेलेल्या डुकरांत वारंवार सापडत होता. पण साथ आणणारा तो नव्हता. व्हायरसने घर फोडल्यावर तो मागून आत शिरायचा. खुणा आधीपासून होत्या. शुद्ध जंतू टोचून पाडलेला आजार एका डुकरातून दुसऱ्यात रानातल्या साथीसारखा पसरत नसे, आणि त्यातून वाचलेलं डुक्कर खऱ्या साथीत परत मरे. रीडिंग बरोबर होतं, निष्कर्ष चुकला. ज्या शोधाने जगाला साल्मोनेला दिला, तो शोध ज्या प्रश्नासाठी होता, त्याचं उत्तर चुकीचं निघालं.

मी मामाला विचारलं, म्हणजे मग त्या कामाचं काय, फुकट गेलं? मामा म्हणाला, कुंडली खरी मांडली होती ना? मग फुकट कसं जाईल. कारण चुकलं ते दुसऱ्यांनी दुरुस्त केलं. रीडिंगच खोटं असतं, तर दुरुस्त काय करणार होते?

हे ऐकून मी गप्प झालो. कारण सांगतो.

आमच्या त्या प्रॅक्टिकलला आमच्या बॅचने नमुना आणला होता हॉस्टेलच्या कूलरचा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ट्यूब बघितल्या तर बऱ्याचशांत बुडबुडा. आम्हाला वाटलं, आपलेच हात घाण असणार, ट्यूब नीट निर्जंतुक झाल्या नसणार. शिवाय परवा सबमिशन. मग काय केलं? तेच, जे आपण सगळे करतो. मागच्या बॅचचं जर्नल उघडलं आणि रीडिंग उतरवलं. गॅस: नाही. पाणी: पिण्यायोग्य. सही, शिक्का, दहापैकी नऊ. पुढच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या निम्म्या पोरांची पोटं बिघडली. पाण्यामुळे? मेसच्या उसळीमुळे? बाहेरच्या पाणीपुरीमुळे? कोणालाच सांगता येईना. सांगता आलंही असतं कदाचित. पण जे एक रीडिंग हातात होतं ते आम्हीच खोडून टाकलं होतं.

स्मिथची गोष्ट पूर्ण करतो. १९१५ मध्ये तो प्रिन्स्टनला गेला. रॉकफेलर इन्स्टिट्यूटने जनावरांच्या रोगांसाठी नवा विभाग काढला, त्याचा तो पहिला संचालक. वय छप्पन्न. तिथे गाभण गाई गाभडण्याचा प्रश्न आला. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँगने १८९७ मध्ये त्याचा एक जंतू शोधलेलाच होता, त्यामुळे गाय गाभडली की सगळे बँगच्या जंतूकडे बोट दाखवत. स्मिथला काही कळपांत गाभडलेल्या वासरांत बँगचा जंतू मिळेना. त्याऐवजी वेगळाच, स्क्रूसारखा पिळदार जंतू मिळत होता. इंग्लंडमध्ये असाच जंतू गाभडलेल्या मेंढ्यांत आधी दिसला होता. १९१८ मध्ये स्मिथने गाईतल्या या जंतूचं वर्णन छापलं आणि १९१९ मध्ये सहकारी टेलरबरोबर त्याला नाव दिलं, व्हिब्रिओ फीटस.

मला इथे एक गोष्ट फार आवडली. हाच माणूस, पस्तीस वर्षांपूर्वीसारखाच मेलेल्या जनावरासमोर बसलेला. सगळ्यांना उत्तर आधीच माहीत आहे. बँगचा जंतू नसेल सापडला तर आपलीच चूक म्हणून गप्प बसणं सोपं होतं. तो बसला नाही. जे दिसलं ते लिहिलं, जे नाही दिसलं तेही लिहिलं. १९६३ मध्ये या जंतूला नवीन घराणं मिळालं, कॅम्पिलोबॅक्टर. आज जगभर पोट बिघडवणाऱ्या जंतूंच्या यादीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर ही दोन नावं शेजारी शेजारी असतात. दोन्ही घराण्यांच्या मुळाशी एकच माणूस, आणि दोन्हींत त्याचं नाव नाही!

१९२९ ला तो निवृत्त झाला. नोबेल मिळालं नाही. १९३३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं. १० डिसेंबर १९३४ ला तो गेला. योगायोग बघा, १० डिसेंबर म्हणजे दरवर्षी स्टॉकहोमला नोबेल वाटतात तो दिवस.

आणि नावांचं पुढे काय झालं? हॉग कॉलरा बॅसिलस ही आज स्वतंत्र प्रजातीसुद्धा मानत नाहीत. साल्मोनेला एंटेरिका या एका मोठ्या प्रजातीतला तो एक उपप्रकार झाला. आता नवीन प्रजाती ठरवताना जंतूचा अख्खा जीनोम वाचतात आणि माहीत असलेल्या जीनोमशी ताडतात. म्हणजे कुंडलीच, फक्त जास्त लांब. हॉग कॉलरा रोगही अमेरिकेतून १९७८ ला संपल्याचं जाहीर झालं. नावं बदलली, घराणी बदलली, साहेब गेले. साखरेवर गॅस येतो की नाही, ही नोंद मात्र १३० वर्षांनंतरही तशीच खरी आहे. तुम्ही आत्ता लॅबमध्ये जा आणि करून बघा.

सुट्टी संपल्यावर मी सरांना जाऊन खरं सांगितलं. सर रागावले, पण थोडेच. म्हणाले, परत करा. आम्ही कूलरचा नमुना परत आणला. तोपर्यंत टाकी धुऊन झाली होती. एकाही ट्यूबमध्ये बुडबुडा आला नाही. म्हणजे पहिल्या वेळी खरंच पाणी खराब होतं, की आमचे हात, हे आता कधीच कळणार नाही. जर्नलमधल्या त्या पानावर मी लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि खाली दोन्ही तारखांची खरी रीडिंग लिहिली. पहिलं आठवणीतून, तसं नमूद करून. नऊचे सहा झाले.

सर्टिफिकेटवर कोणाचं नाव येणार, हे आपल्या हातात नसतं मित्रांनो. निष्कर्ष बरोबर येईल की नाही, तेही पूर्णपणे आपल्या हातात नाही. तिथे स्मिथसारखा माणूसही चुकला. पण ट्यूबमध्ये बुडबुडा दिसला तर दिसला म्हणून लिहायचं, एवढं नक्की आपल्या हातात आहे. आणि ज्युनिअर्सनो, माझं जर्नल मागायला जरूर या. पण रीडिंगचं पान मी स्टेपल करून ठेवलंय!

– तृतीय वर्ष, सिव्हिल